मागच्या बाजूचा मजकूर

२ मार्च

प्रिय मुंगे,

चार महिने झाले, तुझं पत्र नाही. आधी वाटलं, पोस्टमन बदलला असेल. पण तोच आहे, रोज येतो, कोशाच्या वर्गणीदारांच्या तक्रारी टेबलावर ठेवतो आणि कीव आल्यासारखं माझ्याकडे बघून जातो. म्हटलं, आता आपणच लिहावं. तुझं शेवटचं पत्र ऑक्टोबरातलं, आणि त्यातलं अक्षर काय गं ते! कुत्र्याचे पाय मांजराला आणि मांजराचे कुत्र्याला. जन्मभर लोकांना लाकडी पाय बसवणाऱ्या बाईनं असं लिहावं?

इकडे आमचा इंग्रजी-मराठी कोश अठराव्या वर्षी 'ई'मध्ये शिरला आहे. प्रमुखांना घाई झाली आहे. तेच ते, ज्यांना आम्ही पूर्णविराम म्हणतो, कारण ते बोलले की विषय संपतो. आणि नेमका मी एका शब्दापाशी अडलोय: एन्डेव्हर. पूर्णविराम म्हणतात, 'प्रयत्न' लिहा आणि पुढं चला. मी म्हटलं, साहेब, प्रयत्न आपण 'अटेम्प्ट'ला दिला, 'एफर्ट'ला दिला, आणि 'ट्राय' अजून यायचाय. एकच सदरा किती भावंडांनी घालायचा? कुलूप उघडतंय का म्हणून किल्ली फिरवून बघणं, हे काही एन्डेव्हर नाही. माणूस एखाद्या कामामागं मनापासून लागतो, महिनोन् महिने लागतो, तेव्हा तो शब्द येतो. झटणं म्हणावं तर त्यात धावपळ दिसते. खटपट म्हणावं तर थोडा लबाडीचा वास येतो.

मग तुझी आठवण झाली. एक कबुली देतो, रागावू नकोस. तुझ्या पत्रांतली चांगली वाक्यं मी कापून कोशाच्या कार्डांवर चिकटवतो. विद्वानांच्या पुस्तकांत सापडत नाही अशी मराठी तुझ्या पत्रांत सापडते. ऑक्टोबरच्या पत्रात पाय गेलेल्या त्या ट्रक ड्रायव्हरबद्दलचं वाक्य होतं: 'रोज दोन दांड्यांच्या मधे उभा राहतो, पाऊल टाकतो, पडतो, पुन्हा उभा राहतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही.' तेच कापून एन्डेव्हरच्या कार्डावर लावलंय. वाक्य मिळालं, पण एक नेमका शब्द मिळत नाही. तुमच्या कारखान्यात अशा माणसाबद्दल काय म्हणतात, ते कळव.

बाबांना नमस्कार सांग. ऐकून घेतील तर.

दादा


११ मार्च

दादा,

अक्षराबद्दल आधी. ते डाव्या हाताचं होतं, हेही डाव्याचंच आहे. वाचता आलं तर वाच.

तुला ठाऊक नाही असं दाखवतोयस की खरंच ठाऊक नाही, हे मला कळेना, म्हणून एकदा सरळ लिहिते. ऑक्टोबरच्या पत्रात मी तुला एक गोष्ट विचारली होती. माझ्या उजव्या मनगटात नस दबली आहे. सव्वीस वर्षं कानस चालवल्याचं बक्षीस. अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होतात. लाकूड गुळगुळीत झालं की नाही, हे मी आता गालाला लावून बघते. हातांच्या इस्पितळात वीस नोव्हेंबरची तारीख मिळाली होती. ते इस्पितळ दिवसभराच्या प्रवासावर, आणि नंतरचे व्यायाम धरून सहा आठवडे तिथंच राहायचं. बाबांना एकटं ठेवता येत नाही. गॅस पेटवतात आणि विसरतात, जिन्याची पायरी चुकतात. म्हणून विचारलं होतं, सहा आठवडे येऊन राहशील का?

उत्तर आलं नाही. पंधरा तारखेपर्यंत वाट पाहिली आणि इस्पितळाला नको म्हणून कळवलं. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, फार उशीर केलात तर बोटं परत येतीलच असं नाही. बोटं गेली तर मला कारखान्यात ठेवतील, पण देखरेखीला. खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. ते मला जमणार नाही, दादा. मला पाय बनवायचे आहेत.

आता तुझा शब्द. आमच्याकडे कुणी पेशंट 'प्रयत्न करतो' म्हणाला, की मी त्या दिवशी त्याच्या नव्या पायाचा पट्टा आवळतच नाही. 'प्रयत्न करतो' म्हणजे करत नाही. तुझ्या कार्डावर हेही चिकटव.

बाबा ठीक आहेत. नमस्कार सांगितला नाही.

मुंगी


१६ मार्च

मुंगे,

तुझं पत्र उभ्याउभ्याच वाचलं. अगं, तुझा तो ऑक्टोबरचा प्रश्न मी वाचलाच नाही!

कसं झालं ते सांगतो. तुझं पत्र मी कात्री हातात घेऊनच वाचायला बसतो. चांगलं वाक्य दिसलं की आधी ते कापतो, नाहीतर माझ्या हातून त्यावर चहा सांडतो. तू कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहितेस. ड्रायव्हरचं वाक्य पुढच्या बाजूला तळाशी होतं, ते कापलं, डिंक लावला, कार्डावर दाबलं. तेवढ्यात पूर्णविरामांनी हाक मारली. उरलेला कागद टेबलावरच्या ढिगात गेला, आणि तो ढीग शिपाई दर शनिवारी उचलतो.

काल तुझं पत्र आल्यावर 'ई'चं कपाट उघडलं. कार्ड काढलं, केटलच्या वाफेवर धरलं आणि तुझा तुकडा सोडवला. मागच्या बाजूला एवढंच होतं: 'आठवडे येऊन राहशील का? तुझ्याखेरीज कुणाला' आणि तिथं कात्री लागलेली. माझं नाक त्या कात्रीनंच कापलं म्हण. कोशात काम करणाऱ्या माणसाखेरीज ही चूक दुसरं कुणी करणार नाही.

इस्पितळाची तारीख पुन्हा मिळते का बघ. ताबडतोब बघ. मी इकडं काय करता येईल ते बघतो.

दादा


२४ मार्च

दादा,

हसावं की रडावं कळेना, मग दोन्ही केलं. चार महिने मी तुझ्यावर दात धरून होते. शिकाऊ मुलींवर ओरडत होते, साचे फोडत होते, आणि इकडं माझा प्रश्न तुझ्या कपाटात डिंकाखाली पडला होता! तू नाही म्हणाला नव्हतास, एवढंच मला हवं होतं. आज किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

जेवताना बाबांना सांगितलं. ते इतके हसले की चष्मा काढून ठेवावा लागला. म्हणाले, "आता कळलं अठरा वर्षांत कोश का होत नाही. कागदाची एकच बाजू वाचतात लेकाचे." नंतर मी भांडी विसळत होते तेव्हा आतून पुन्हा हसल्याचा आवाज आला. आई गेल्यापासून ते असे हसले नव्हते.

दोन मेची तारीख मिळाली आहे. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई दिवसा डोकावतील म्हणतात, पण त्यांना स्वतःचं दुकान आहे, आणि बाबा पडले तर त्यांना उचलायचं कुणी? म्हणून पुन्हा विचारते. येशील का? 'बघतो' म्हणून लिहू नकोस. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, आता मी दोन्ही ऐकू शकते.

तुझा ड्रायव्हर मागच्या आठवड्यात येऊन गेला. एका काठीवर चालतो. पँट गुडघ्यापर्यंत वर करून सगळ्यांना पाय दाखवत होता, नवं घड्याळ दाखवावं तसा.

मुंगी


२० एप्रिल

मुंगे,

उत्तराला चार आठवडे लागले. या वेळी कात्रीचा काही दोष नाही.

आधी शब्दाचं सांगतो, कारण ते सोपं आहे. एन्डेव्हरचं मूळ सापडलं. जुन्या फ्रेंचमधे एक शब्द आहे, त्याचा अर्थ कर्तव्य. जे आपल्याला करणं भागच आहे, ते. त्यावरून इंग्रजीत आधी म्हणत की अमक्यानं स्वतःला त्या कर्तव्यात घातलं. जुन्या लिखाणात माणूस कित्येकदा नुसता एन्डेव्हर करत नाही, तो 'स्वतःला' एन्डेव्हर करतो. आपण म्हणतो ना, त्यानं स्वतःला कामाला जुंपून घेतलं, तसं. पुढं बोलता बोलता लोकांनी 'स्वतःला' गाळलं आणि शब्द हलका झाला. आता तो पुढाऱ्यांच्या भाषणातही चालतो. मी 'स्वतःला जुंपून घेणे' असं कार्डावर लिहिलं. पूर्णविराम म्हणाले, "आणि हे शोधायला महिना लागला?"

हे शोधायला चार दिवस लागले. पुढचं लिहायला महिना लागला.

मुंगे, तुझं ऑक्टोबरचं पत्र मी वाचलं होतं. दोन्ही बाजू वाचल्या होत्या, दोनदा.

आई गेली तेव्हा मी चौथ्या दिवशी पोचलो, आठवतंय? बाबा दारातच म्हणाले, "पाहुणे आलेत, त्यांना बसायला द्या." मी बसलो, चहा प्यालो, आणि पाहुण्यासारखा परत आलो. त्या घरात त्यांच्यासमोर सहा आठवडे काढायचे, या विचारानंच मी उत्तर टाळलं. आज लिहू, उद्या लिहू करत तुझी तारीख गेली. त्यानंतर कधीतरी मी ते ड्रायव्हरचं वाक्य कापलं. वाक्य चांगलं होतं, हे खरं. पण मागचा मजकूर डिंकाखाली गेला याचं मला बरं वाटलं, हेही खरं. उरलेला कागद मीच टाकला, शिपायानं नाही. केटल आणि वाफ तेवढी खरी. तुझं पत्र आल्यावर तो तुकडा मी सोडवला, तो तुला दाखवायला पुरावा हवा म्हणून.

मार्चात लिहिलं तेव्हा आशा होती की तुझी काही सोय झाली असेल आणि तू विसरली असशील. अक्षरावरून तुझी थट्टा केली. तू कारण लिहिलं होतंस, ते मला माहीत होतं, तरी केली. मला सगळ्यांत जास्त लाज त्याची वाटते. आणि तू लिहिलंस की तुला हलकं वाटतंय. ते वाचल्यापासून मला घास गोड लागलेला नाही.

तीस तारखेच्या गाडीचं तिकीट काढलंय. रजा घेतली आहे. तू नको म्हणालीस तरी येणार. दार उघडलं नाहीस तर शिंपीणबाईंच्या दुकानात कापडाच्या ठाणांवर झोपेन.

दादा


२५ एप्रिल

दादा,

पत्र कारखान्यात वाचलं. वाचून झाल्यावर कानस खाली ठेवली आणि हे लिहायला बसले.

कात्रीवर मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचा होता. आता राग परत आलाय आणि आधीपेक्षा वाईट आहे. आधी वाटायचं, भावाला वेळ नाही. आता कळलं, भाऊ घाबरला आणि माझा हात जाऊ दिला. माफ केलं असं समजू नकोस. पुढं केलंच तर कळवीन.

पण ये. बाबांना यातलं काही सांगू नकोस. कात्रीच्या गोष्टीवर ते अजून हसतात, आणि या घरात हसायला सध्या दुसरं काही नाही.

आता नीट वाच. स्वयंपाक झाला की गॅसचा खालचा खटका बंद करायचा, नुसतं बटण नाही. जिना उतरताना त्यांच्या पुढं राहायचं, मागं नाही. दाढी एक दिवसाआड. गोळ्या दोन, पांढरी जेवणाआधी. कमी ऐकू येतं म्हणून ओरडू नकोस, उजव्या कानाशी बोल. आणि उपकार केल्यासारखं वागू नकोस, ते त्यांना दोन मिनिटांत कळतं.

मुंगी


१९ मे

मुंगे,

हाताचं बँडेज सुटलं, हे शिंपीणबाईंकडून कळलं. मला तू कळवलं नाहीस, ते बरोबरच आहे. मी मात्र लिहितो, कारण एक गोष्ट तुला सांगायची आहे, आणि ती माझी नाही.

पहिला आठवडा मी पाहुणाच होतो. बाबा माझ्याशी अहो-जाहो करायचे. "अहो पाहुणे, मीठ द्या." मी गॅसचा खटका इतक्यांदा तपासायचो की म्हणाले, "त्याला झोपू द्या हो जरा." मी भाजलेला पाव एका बाजूनं काळा व्हायचा. ते तो उलटा करून बघायचे आणि म्हणायचे, "हीच बाजू वाचायची राहिली वाटतं." दुसऱ्या आठवड्यात अहो गेलं. एक दिवस जिन्यावर पाय चुकला, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाले, "अरे गाढवा, नीट उभा राहा." मला इतकं बरं वाटलं की मी खरंच नीट उभा राहिलो.

परवा बाबांची दाढी करत होतो. अर्धा गाल झाला होता. आरशात बघत म्हणाले, "तू ते पत्र वाचलं होतंस ना?"

तू सांगू नकोस म्हणाली होतीस. पण माझ्या हातात वस्तरा होता आणि त्यांचा गळा वर केलेला होता. त्या अवस्थेत मला खोटं बोलता आलं नाही. हो म्हटलं.

दुसरा गाल त्यांनी पूर्ण करू दिला. मग टॉवेल घेऊन म्हणाले, "मला पहिल्यापासून माहीत होतं. कात्रीच्या गोष्टीवर मी हसलो, कारण तिला ती खरी वाटत होती आणि तिचा चेहरा उजळला होता." मी वस्तरा धुवायला वळलो, तर मनगट धरून थांबवलं. "तिच्या हातून कप पडायचे, ते मला दिसत होतं. लाकूड गालाला लावून बघायची. मी पन्नास वर्षं तेच काम केलं, मला कळणार नाही? पण ती गेली तर माझं काय होणार, म्हणून मी डोळे मिटले. तिला एकदाही म्हटलं नाही की जा. तू लांब राहून केलंस, मी समोर बसून केलं."

मग म्हणाले, "हे तिला मला सांगवणार नाही. तू लिही. एवढ्या शिकलेल्या माणसाचा तेवढा तरी उपयोग होऊ दे." म्हणून लिहिलं. त्यांनी उजव्या कानानं सगळं ऐकलं आणि एक शब्दही बदलू दिला नाही.

दादा


९ जून

दादा, आणि बाबा,

हे उजव्या हाताचं आहे. चार ओळींनंतर थांबावं लागतं, म्हणून दोन दिवस लिहितेय.

अंगठा आला. पहिलं बोट आलं. मधल्या बोटाचं टोक आलं नाही, आणि डॉक्टरांच्या मते येणार नाही. तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगते, हो, नोव्हेंबरात केलं असतं तर आलं असतं. मी हे लपवणार नाही. तुम्ही दोघांनीही शेवटी लपवलं नाही, तर मी कशाला?

तुमचं पत्र वाचून मी इथल्या आवारात तीन चकरा मारल्या. एक बाबांच्या रागात, एक तुझ्या. तिसरी माझ्या स्वतःच्या, कारण मीही बाबांना कधी सांगितलं नव्हतं की माझा हात दुखतो. त्यांना दिसत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. तिघंही एकाच घरातले, दुसरं काय.

इथं रोज दोनशे वेळा ताटलीतून बटणं उचलायची आणि बरणीत टाकायची. पहिल्या आठवड्यात पंधरा बटणांत घाम फुटायचा, आणि शिकवणारी बाई शेजारी उभी राहून 'अजून एक' म्हणायची. ड्रायव्हरवर मी किती ओरडले असेन, ते आता कळतं. काल मी बरणी भरली. मग डॉक्टरांनी एक लाकडाचा तुकडा आणून दिला आणि डोळे मिटून सांगा म्हणाले, कुठं खडबडीत आहे. मी सांगितलं. दोन बोटांनी सांगितलं, पण बरोबर सांगितलं. पाय बनवता येतील, दादा.

मात्र एक अट आहे. आणखी दोन महिने जड काही उचलायचं नाही, कुणाला आधार द्यायचा नाही, घट्ट पकडायचं नाही. बाबांना जिन्यावर धरणं त्यात येतं. कारखान्यातलं हलकं काम करायचं असेल, तर घरचं कुणीतरी करायला हवं. ते ऐकलं नाही तर पुन्हा पहिल्यासारखं होईल, आणि मग दुसरं ऑपरेशन नाही.

तेव्हा विचारलं होतं ते पुन्हा विचारते. तुझी रजा संपत आली आहे, कोश 'ई'मध्ये अडकलाय, पूर्णविराम वाट बघत असतील, हे सगळं मला माहीत आहे. राग अजून आहे. तरी तुलाच विचारते. आणखी दोन महिने राहशील का?

मुंगी


१२ जून

मुंगे,

तुझं पत्र आत्ता, पावणेअकराला आलं. राहतो.

बाबांना सगळं वाचून दाखवलं, मधल्या बोटाचंही. ते खिडकीकडं बघत होते. मग म्हणाले, "बाकीचं मागाहून लिही. पोस्टमन समोरच्या जिन्यानं वर गेलाय, तो खाली येईल तोवर हे त्याच्या हातात दे." तो उतरतोय.

दादा